पागोट्यांचा वाफा

गाडी त्या बाभळीखाली लावा आणि डोक्याला काहीतरी बांधूनच खाली उतरा. वैशाख संपता संपता आमच्या निंबखोरीत भर दुपारी उघड्या डोक्यानं फिरतात ती फक्त म्हातारी माणसं. पाहुणा नवा असला की त्याला वाटतं, यांना ऊन लागलंय. सगळ्या वऱ्हाडात या दिवसांत माणूस दुपट्ट्यातून नुसते डोळे बाहेर ठेवून चालतो, आणि इथं सत्तरीचे बाप्ये टक्कल तळत बसलेले. त्यांच्या डोक्यावरचं कापड कुठं गेलं, ते समोर बघा.

विहिरीच्या उतारावर ते सात वाफे आहेत ना, त्यांच्यावर काटक्या रोवून जे रंगीबेरंगी ताणलंय ते वाळत घातलेलं धुणं नव्हे. पागोटी आहेत. लाल, केशरी, मळकी पांढरी. आता पागोटं बांधणारे कमी उरले म्हणून मधेमधे दुपट्टे आहेत, दोन टॉवेल आहेत, आणि ती जरीची किनार चमकतेय ती रिटायर्ड हेडमास्तरांची सत्काराची शाल. कडेनं हात आत घालून बघा. बाहेर शेहेचाळीस डिग्री, आत ओल्या मातीचा गारवा. मिरची, वांगं आणि झेंडू. बोटाएवढं रोप आहे, पण गावाचं वर्षभराचं तिखट, भाजी आणि दसऱ्याचं तोरण त्या कापडाखाली आहे.

फोटो खुशाल काढा. पण ग्रामपंचायतीनं लावलेला तो हिरवा बोर्ड वाचून परत जाऊ नका. त्यावर लिहिलंय, ‘पूर्वी येथील अकरा थोर वडीलधाऱ्यांनी गावाच्या रोपांसाठी स्वखुशीने आपली पागोटी अर्पण केली.’ अकरा नव्हते, पाच होते. थोर होते की नाही ते तुम्ही ठरवा. आणि स्वखुशीनं हा शब्द ज्यानं रंगवला त्याला रंगाचे पैसे देणारे कुणाचे नातू-पणतू होते, ते मी सांगायला नको. वाफ्यावर रोप उपटताना बायका जी हकिगत सांगतात ती वेगळी आहे. ती सांगतो.

आधी पाणी समजून घ्या. हा खारपाणपट्टा. निंबखोरीत कुठंही खणा, पाणी खारंच लागतं. त्या पाण्यानं माणूस अंग धुतो, गुरं नाइलाजानं पितात, पण रोपाला घातलं तर दोन दिवसांत मातीवर पांढरी पापडी धरते आणि रोप बसतं. गोडं पाणी फक्त या एका विहिरीला. म्हणून फार पूर्वीपासून सगळ्या गावाचं रोप या एकाच जागी टाकायचं, आणि ते सांभाळायला एक घर नेमलेलं. त्या घराला म्हणत रोपवाल्याचं घर. रोप जगवायचं आणि त्या बदल्यात गोड्या विहिरीवर घागर बुडवायचा पहिला हक्क घ्यायचा, असा नेम.

दुसरी गोष्ट निंबाची. या गावात शपथ देवाची घेत नसत, कडुनिंबाची घेत. चावडीवर निवाडा करताना बोलणाऱ्यानं निंबाचा पाला तोंडात धरायचा. निंब तोंडात असताना निघालेला शब्द फिरवायचा नाही. बांध कुणाचा, पोरगी कुणाच्या घरी द्यायची, कुणाला वाळीत टाकायचं, सगळं या पाल्यावर चालायचं. म्हाताऱ्यांना हा नियम फार प्रिय होता, कारण पाला तोंडात धरायचा मान फक्त त्यांना होता.

असं सांगतात की एकदा लागोपाठ दोन वर्षं पाऊस आलाच नाही. पहिल्या वर्षी ढोरं विकली. दुसऱ्या वर्षी घरावरचं गवत काढून उरलेल्या ढोरांना घातलं. पळसाला पान राहिलं नाही, ते शेळ्यांनी खाल्लं. झाडावर वांगं पिकूच शकलं नाही तर बी कुठून धरणार? मिरचीचं तेच, झेंडूचं तेच. सगळ्या गावात बी उरलं होतं फक्त रोपवाल्या पुंजाजीच्या घरी, वाळल्या भोपळ्याच्या एका तुंब्यात, लाखेनं तोंड बंद करून. माघात पुंजाजी वारला. मागं त्याची एकटी पोर राहिली. तिचं नाव अनसा. अठरा-एकोणीस वर्षांची असेल म्हणे. बापानं मरताना तुंबा तिच्या मांडीवर ठेवला आणि एवढंच म्हणाला, “हे एकदाच पेरता येईन.”

तेव्हा वाफ्यांच्या पश्चिमेला, विहिरीला लागून, एक जुना कडुनिंब होता. तीन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा. दुपार कलली की त्याची सावली सातही वाफ्यांवर पसरायची आणि ऐन माध्यान्हीलाही त्याच्या फांद्या निम्मे वाफे झाकायच्या. रोपवाल्याच्या घराला जे जमत होतं ते निम्मं त्या झाडाच्या जोरावर.

गावातल्या पाच म्हाताऱ्यांनी ते झाड तोडायचं ठरवलं.

कारण असं सांगतात की देवमनजी नावाच्या एका म्हाताऱ्याला स्वप्न पडलं. देव उन्हात बसलाय, त्याला मंडप नाही, म्हणून पाऊस रुसलाय. मंडपाला खांब पाहिजेत आणि गावात लाकूड उरलंय ते या निंबाचं. स्वप्न खरंच पडलं होतं की नाही, देवमनजीला ठाऊक. पण मंडप झाल्यावर त्यात दुपारभर लोळत कोण पडलेलं असायचं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

वैशाखातल्या एका सकाळी कुऱ्हाडी आल्या. अनसा झाडाला पाठ लावून उभी राहिली. कुऱ्हाडवाले थबकले. कुणीतरी पाटलाला बोलवायला धावलं. गोंदाजी पाटील तेव्हा आपल्या ओट्यावर दात घासत होता. तसाच आला. उंच माणूस, लाल पागोटं, छातीवर आलेल्या पांढऱ्या मिशा, आणि तोंडात दातुनाची काडी.

“काय झालं वं पोरी? सरक बाजूले.”

“पाटील, सावली जाईन. रोप मरंन.”

गोंदाजी पाटील हसला. वडीलधारी माणसं लहानाला गप्प करताना हसतात तसं. काडी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत तो म्हणाला, “झाड गेलं त गेलं. आमी मेलो का? आमची सावली हाये ना तुह्यावर. भेतं कायले?”

अनसानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं म्हणे. मग बाजूला झाली.

झाड पडलं. मंडप झाला, फांद्या-पाला सगळा त्याच्या छपरावर गेला. पाऊस काही आला नाही.

बी पेरायचं तर थांबता येत नव्हतं. रोप दीड महिन्याचं झालं तरच ते पावसाळ्यात शेतात टिकतं. अनसानं माती उचलून सात गादीवाफे घातले, शेणखत चाळून घातलं, तुंबा फोडला आणि सगळं बी ओळीत टाकलं. मागं एक दाणा ठेवला नाही. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. सकाळी दोन घागरी, संध्याकाळी दोन घागरी, एवढंच निघायचं. पाचव्या दिवशी झेंडू वर आला, सातव्या दिवशी वांगं, दहाव्या दिवशी मिरचीनं मान काढली.

अकराव्या दिवशी दुपारी दोन वाफे गेले.

गेले म्हणजे कसे, ते ज्यानं रोप सांभाळलंय त्याला विचारा. सकाळी हिरवी रेघ असते. दुपारी ती रेघ जमिनीवर आडवी झोपते. संध्याकाळी पाणी घातलं तरी उठत नाही, कारण देठ मातीशी जिथं लागतो तिथंच ते भाजलेलं असतं. भर उन्हात पाणी घालून वाचवावं म्हटलं तर ते पाणी तापतं आणि रोप उकडून निघतं. त्याला एकच गोष्ट लागते, सावली. आणि झाकायला गावात काही नव्हतं. कडबा गेला, पाला गेला, छपराचं गवत गेलं. शेजारच्या बायकांनी आपली सुपं आणि टोपल्या आणून दिल्या, त्यात एक वाफा कसाबसा झाकला. कापड म्हणावं तर बायकांच्या अंगावर एकेक लुगडं आणि बाप्यांच्या डोक्यावर पागोटं, एवढंच गावात उरलं होतं.

अनसाकडं तेवढं आईचं एक जुनं लुगडं होतं. तिनं ते काटक्यांवर ताणलं. तासाभरात देवमनजी हजर.

“बाईमाणसाचं लुगडं गावाच्या वाफ्यावर? ह्याच झेंडूची माळ देवाच्या गळ्यात जाईन, अक्कल हाये का?”

“मग तुमचं धोतर द्या, बावाजी,” असं अनसा म्हणाली. हे बोर्डवर नाही. बायका हे सांगताना अजून हसतात.

देवमनजी हसला नाही. त्यानं लुगडं ओढून काढलं, आणि जमलेल्या लोकांसमोर निंबाचा पाला तोंडात घालून म्हणाला, “आयक. वाफे मेले त रोपवाल्याचं घर विहिरीवरून उठंन. मंग पी खारं पाणी, नाहीत जाय गाव सोडून.”

झाड यांनीच तोडलं. लुगडं यांनीच काढलं. आणि रोप मेलं तर गाव सोडायचं तिनं. मी रागावून सांगतोय असं वाटत असेल, तर तुम्ही न रागावता सांगून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसा चावडीवर गेली. पाचही जण बसले होते. बाई चावडीची पायरी चढत नसे. ती चढली.

“पाटील, मले सावली पायजे.”

“कायची सावली?”

“तुमची. तुमी देल्ली होती, ते घ्याले आली.”

पाचही जण हसले. गोंदाजी पाटील म्हणाला, “पोरी, ते म्हणाची पद्धत असते.”

“तुमच्या तोंडात निंब होता.”

हसणं थांबलं.

“दातुन होतं ते!” पाटील ओरडला.

“कायचं होतं दातुन?”

दातुन कडुनिंबाचं होतं. सगळ्या गावानं बघितलं होतं. आता हे म्हणतील की दातुनावरचा शब्द खरा नाही, तर उद्या जो तो उठेल आणि म्हणेल की माझ्या बांधाच्या निवाड्याच्या वेळी पाला तोंडात नव्हता, नुसता दाताला लागला होता. मग यांच्या कुठल्या शब्दाला काय राहणार? चाळीस वर्षांचे निवाडे त्या एका काडीला लटकले होते. पाचही जणांच्या ते एकदमच लक्षात आलं असावं.

अनसानं त्यांना सोपी वाट दाखवली. “पागोटे सोडा. वीस-वीस हात कापड हाये एकेकात. एका पागोट्यात एक वाफा झाकते. रोप लागलं का परत घेऊन जा.”

पागोटं सोडायचं म्हणजे काय, हे तुम्हाला आता कळणार नाही. बाप मेल्यावर उतरवायचं ते पागोटं. शत्रूच्या पायावर ठेवायचं ते पागोटं. जिवंतपणी, एका पोरीच्या सांगण्यावरून, मातीवर घालायचं? असं सांगतात की पाचही जणांचे हात एकदम डोक्याकडं गेले, जणू ती हिसकावणारच होती.

“उभे राहू,” गोंदाजी पाटील म्हणाला. “सावली म्हटली ना? उभे राहू. पागोटं सुटणार नाही.”

आणि ते उभे राहिले. दुपारी वाफ्यांच्या पश्चिमेला रांगेत पाच पागोटी. सारं गाव बघायला लोटलं. देवमनजी पहिल्या तासातच मटकन बसला आणि म्हणाला, मला मंडपात देवाची पूजा बघायची आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या गड्याला सांगून एका वाफ्यावर भर दुपारी खाऱ्या विहिरीचं पाणी ओतवलं. हेतू चांगला होता असं त्याचे वंशज आजही सांगतात. रोप गार होईल आणि उभं राहायची गरज उरणार नाही. संध्याकाळपर्यंत तो वाफा पांढरा पडला. सातातले तीन गेले. एक सुपाटोपल्यांखाली होता. उघडे उरले तीन.

तिसऱ्या दिवशी दोन म्हातारे आलेच नाहीत. एकाला चक्कर, एकाला पोटात मुरडा. चौथ्या दिवशी आणखी एक कमी झाला. चौघंही मंडपात, निंबाच्या खांबांना टेकून, वाळ्याचं पाणी पीत बसले होते आणि तिथून वाफ्याकडं बघत होते. वाफ्यावर उरला एकटा गोंदाजी पाटील.

त्याला दया आली होती असं कुणी म्हणत नाही. तो हेक्यानं उभा होता. शब्द त्याच्या तोंडून गेला होता आणि तो खाली पडलेला त्याला बघवत नव्हता. अनसाशी तो एक अक्षर बोलत नसे. ती सांगायची, “पाटील, हातभर इकडं,” आणि तो हातभर सरकायचा. त्याच्या उंच अंगाची सावली एका वाफ्यावर पडायची, अनसा दुसऱ्यावर उभी राहायची. तिसऱ्या वाफ्यावर शेजारच्या बायका आळीपाळीनं येऊन उभ्या राहू लागल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बोर्डवर त्यांचीही नावं नाहीत.

पाचवा दिवस उजाडला. आमच्याकडं वैशाख सरता सरता एक दिवस असा येतो की ऐन माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. हल्ली शाळेत त्याला शून्य सावली म्हणतात. तेव्हा त्याला नाव नव्हतं. तेव्हा म्हणायचे, आज सावली पायाखाली जाते.

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. सकाळपासून पक्षी विहिरीच्या कपारीत उतरून बसले होते. दुपार भरत आली तशी गोंदाजी पाटलाची सावली आखडत गेली. गुडघ्याएवढी झाली. वीतभर झाली. मग त्याच्या जोड्यांच्या आत शिरली. एवढा चार हात उंच माणूस, आणि त्याला मूठभर सावली उरली नाही. वाफ्यावर लख्ख ऊन पडलं. झेंडूची पहिली ओळ माना टाकायला लागली.

अनसानं ते बघितलं. ती आपल्या वाफ्यावर आडवी झाली. हाताचे तळवे एका काठावर, गुडघे दुसऱ्या काठावर, आणि पाठ उन्हाला. तिच्या अंगाखाली सावली आली. शेजारच्या वाफ्यावरच्या बाईनं तेच केलं. मान न वळवता अनसा ओरडली, “पाटील, वाका!”

“काय?”

“सावली पायाखाली गेली. उभ्यानं होत नाही. वाका!”

मंडपात कुणीतरी हसलं. गोंदाजी पाटील जन्मात कुणासमोर वाकला नव्हता. देवासमोरही तो उभ्यानं हात जोडायचा म्हणे. इथं वाकायचं म्हणजे कुणासमोर? तीन हात रुंदीच्या मातीसमोर. शेजारी रोपवाल्याची पोर, समोर सगळं गाव, आणि मंडपात ते चौघं. तो तसाच ताठ उभा राहिला. दुसरी ओळ झुकली.

तिसरी ओळ झुकायला लागली तेव्हा तो वाकला.

आधी मान, मग पाठ. हात गुडघ्यांवर टेकले. आणि वीस हातांचं ते लाल पागोटं, चाळीस वर्षं जे कुणाच्या समोर हललं नव्हतं, ते त्याच्या घामेजल्या डोक्यावरून घसरलं आणि वाफ्यावर पडलं. पडता पडता सुटलं. अर्ध्या वाफ्यावर लांबलचक उलगडलं.

“उचला!” मंडपातून देवमनजी किंचाळला. “पाटील, पागोटं उचला!”

गोंदाजी पाटील अनसाला म्हणाला, “उचल.”

“माहे हात मोकळे नाहीत,” अनसा मातीकडं बघत म्हणाली. “तुमचे हायेत. उचलायचं त तुमीच उचला.”

तो उचलू शकला असता. वाकलेलाच होता. पागोट्याखाली जिथं जिथं कापड पडलं होतं तिथं गडद सावली होती, त्याच्या अंगाच्या सावलीपेक्षा कितीतरी मोठी. आणि उरलेल्या अर्ध्या वाफ्यावर ऊन होतं. पाटलानं हात पुढं केला. पागोट्याचं टोक धरलं. आणि ते ओढून उरलेल्या वाफ्यावर पसरलं.

का पसरलं? बोर्ड म्हणतो, त्याग. कीर्तनात सांगतात, देवानं बुद्धी दिली. माझं मत विचाराल तर त्याची पाठ दुखत असावी. वाकायचं तरी किती वेळ? पण का असेना, त्यानं पसरलं. काटक्या घेऊन आलेल्या बायकांनी ते चटकन उचलून ताणलं, म्हणजे रोपावर भार पडू नये. वाफा झाकला गेला.

मग गोंदाजी पाटील सरळ झाला आणि उघड्या डोक्यानं चालत मंडपात गेला. जिथं रोज बसायचा तिथंच बसला. चौघांनी माना खाली घातल्या. गावाचा दंडक होता की पाटील बोडखा बसला असेल तर त्याच्या समोर दुसऱ्यानं डोकं झाकून बसायचं नाही. पाटील सुतकात असला की सगळी चावडी सुतकात. एकानं पागोटं उतरवलं. दुसऱ्यानं उतरवलं. तिसऱ्यानं. देवमनजी दोन्ही हातांनी आपलं धरून बसला.

“देवमनजी,” पाटील म्हणाला, “मी बोडखा बसलो. अन् तुमी?”

चार पागोटी अनसाकडं पोचती झाली. दोन उघड्या वाफ्यांवर एकेक. देवमनजीचं तिनं सुपाटोपल्यांच्या वाफ्यावर घातलं आणि सुपं बायकांना परत केली. उरलेलं चौथं तिनं विहिरीच्या तोंडावर बांधलं, पाणी आटू नये म्हणून. त्या रात्रीपासून गोंदाजी पाटील तापानं फणफणला. बोर्डाच्या खाली त्याला हुतात्मा लिहिलंय. तो मेला नाही. तीन दिवस तापात पडला, चौथ्या दिवशी उठला, आणि उठल्याबरोबर पहिली गोष्ट कोणती केली असेल? काठी टेकत वाफ्यावर आला आणि म्हणाला, “पोरी, माहं पागोटं.”

“रोप निघू द्या,” अनसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाकीचे चौघं लाजेनं किंवा भीतीनं गप्प राहिले, पण पाटलाला राहवेना. गावात बोडखा फिरणारा पाटील तोच पहिला. म्हणे तो रोज यायचा, रोज मागायचा, आणि ती रोज तेच सांगायची. रोप मात्र त्या कापडाखाली वाढत राहिलं. सकाळी नि संध्याकाळी ती कापड बाजूला सारायची, दुपारी घालायची. देठ जाड झाले, पानांना रंग आला, झेंडूच्या रोपाला हात लावला की वास यायला लागला.

पाऊस पडला, आणि आषाढात रोप काढायचा दिवस आला. सगळं गाव वाफ्यावर जमलं. सातातले चार वाफे जगले होते, म्हणजे प्रत्येक घराला निम्मंच रोप येणार होतं, पण प्रत्येक घराला येणार होतं. रोप उपटलं की त्याच्या पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधतात. बांधायला केळीचं सोपट लागतं किंवा वाख लागतो. त्या वर्षी गावात वाखही नव्हता.

अनसानं चौघांची पागोटी घडी करून ज्याची त्याच्या हातात दिली. देवमनजीचंसुद्धा. मग गोंदाजी पाटील पुढं आला आणि सवयीनं म्हणाला, “माहं?”

अनसानं त्याचं लाल पागोटं उचललं, टोकाला दात लावला आणि फाडलं.

पट्टी काढून तिनं पहिली जुडी बांधली. मग दुसरी. वीस हातांच्या कापडाच्या जेवढ्या पट्ट्या निघाल्या तेवढ्या जुड्या झाल्या. त्या वर्षी निंबखोरीतल्या प्रत्येक घरात मिरचीच्या, वांग्याच्या नि झेंडूच्या जुडीबरोबर पाटलाच्या पागोट्याची एकेक लाल चिंधी गेली. पाटील बघत उभा राहिला. पुढच्या वर्षी वाफ्यावर पहिलं पागोटं त्यानंच आणून टाकलं, आणि मरेपर्यंत परत मागितलं नाही. रोपवाल्याचं घर विहिरीवरून उठलं नाही. अनसानं त्या घराला घरजावई आणला, आणि वाफा पुढं पोरींकडं चालत राहिला.

आजही रोप टाकलं की गावातले साठीपुढचे सगळे आपापलं डोक्याचं कापड आणून वाफ्यावर ताणतात. आता बाजारात हिरवी जाळी मिळते, आणि ती रोपवाल्यांच्या स्वतःच्या शेतात आहेही. या सात वाफ्यांवर ती घालत नाहीत. खरी बघण्यासारखी गोष्ट बघायची तर तुम्ही आषाढात या, रोप काढायच्या दिवशी. नियम असा आहे की कापड रोपवाली आपल्या हातानं देईल तेव्हा घ्यायचं. तोंडानं मागायचं नाही. जो पहिला मागेल त्याचं कापड जुड्या बांधायला फाडलं जातं. म्हणून त्या दिवशी इथं म्हाताऱ्यांची रांग लागते. आयुष्यभर ज्यांनी कुणाला धड बोलू दिलं नाही, ती माणसं उघड्या डोक्यानं, तोंड मिटून उभी असतात. यंदाची रोपवाली वीस वर्षांची आहे. ती घाई करत नाही. आधी सगळं रोप काढते, ढेकळं झाडते, हात धुते, पाणी पिते. रांगेत कुणी खाकरतो, कुणी पाय बदलतो, कुणी आकाशाकडं बघतो.

आणि तरी दरवर्षी कुणीतरी मागतोच. जुड्या बांधायला कापड कमी पडलंय, असं इथं अजून झालेलं नाही.